बिनझाळीची कडी

सोनाराच्या घरात चाळीस वर्षं काढली, पण सोन्याला माझा हात फारसा लागला नाही. हे आधीच सांगून टाकते, नाहीतर वाचणारे पाटल्या-बांगड्यांच्या गोष्टींची वाट पाहत बसतील. मी कड्या जोडल्या. चांदीच्या, तांब्याच्या, पितळेच्या, गिलटच्या, आणि एकदा तर कुंपणाच्या लोखंडी तारेच्या. किती जोडल्या ते देवाला ठाऊक. त्यातल्या एका कडीबद्दल मला लिहायचं आहे. ती मी झाळली होती, आणि झाळायला नको होती.

सेलूच्या बाजारओळीत आमचं दुकान म्हणजे घराचाच पुढचा खण. आमचे हे नागपूरला एका पेढीवर कारागीर. शनिवारी संध्याकाळी यायचे, सोमवारी पहिल्या एसटीनं जायचे. दुकानात उरलो आम्ही दोघं, माझे सासरे आणि मी. त्यांना मी मामाजी म्हणायची. सोन्याचा कायदा आल्यावर परवान्याच्या भानगडीत पडायचं नाही असं मामाजींनी ठरवलं आणि दुकान चांदीवर, नाहीतर त्याहून हलक्या धातूंवर चालवलं. गिऱ्हाईकही तसंच होतं. आसपासच्या खेड्यांतले शेतकरी, त्यांच्या बायका, शेतमजूर, आणि हंगामात जिनात, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात, कापूस टाकणाऱ्या बाया.

साखळी विणणं हे आमच्याकडे बायांचं काम समजलं जायचं, म्हणजे ज्याचं नाव होत नाही असं. तार ओढायची ती पुरुषांनी, कड्या जोडायच्या त्या घरातल्या सुनांनी. पण घरात पुरुष एकच आणि तोही म्हातारा, म्हणून मी तार ओढायलाही शिकले. भोकं पाडलेली पोलादी पट्टी असते. मोठ्या भोकातून सुरू करून लहान भोकापर्यंत तार खेचत न्यायची. मग ती सळईवर गुंडाळायची, उभी कापायची, की कड्या सुट्या होतात. त्या चिमट्यानं उघडायच्या, एकीत एक घालायच्या, पुन्हा मिटायच्या. ऐकायला सोपं आहे. नव्या माणसाची पहिली चूक ही, की तो कडी फाकवतो. फाकवलेली कडी पुन्हा गोल होत नाही. कडी मुरडायची असते, एक तोंड पुढे, एक तोंड मागे, आणि मिटताना तोच रस्ता परत धरायचा. मला हे यायला एक पावसाळा गेला. तेवढ्यात मामाजींनी माझ्या दोन ओंजळी कड्या परत मुशीत टाकल्या. बोलले काही नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

धातूचं म्हणाल तर प्रत्येकाचा स्वभाव वेगळा. शुद्ध चांदी मऊ, हाताला बरी, पण जरा ओढ बसली की कडी तोंड उघडते. तिच्यात थोडं तांबं घातलं की ती ताठ होते, ऐकत नाही, पण टिकते. नुसतं तांबं घामानं मानेला हिरवं करतं. पितळ दिसायला सोन्यासारखं आणि दुसऱ्या दिवशी पितळेसारखं. गिलट पांढरं, स्वस्त, कडक, पण काही बायांना त्यानं खाज सुटते. आंजीचा एक शेतकरी पोळ्याच्या आधी यायचा. बैलांच्या कपाळावर बांधायला पितळेची दुपदरी साखळी पाहिजे असायची. बैलाच्या कपाळाचं माप तो सुताच्या दोऱ्यावर गाठी मारून आणायचा, शिंगाच्या बुडापासून शिंगाच्या बुडापर्यंत. कडी बैलाला टोचायला नको म्हणून प्रत्येक तोंड बोटानं तपासून घ्यायचा. त्याच फेरीत बायकोसाठी गिलटची साखळी न्यायचा, आणि तिचं माप विचारलं तर म्हणायचा, ‘‘दे कोनतीबी.’’ मी ती नेहमी चार कड्या लांब द्यायची. त्या बाईला मी कधी पाहिलं नाही, पण आखूड साखळी गळ्यात घालून पोळ्याच्या दिवशी ती बैलांकडे पाहत उभी असेल, हे मला सहन होत नव्हतं.

कुंपणाच्या तारेचंही सांगून टाकते, कारण पुढे त्याचं काम पडणार आहे. शाळेच्या गॅदरिंगला ऐतिहासिक नाटक बसवलं होतं. नाटकाचे मास्तर स्वतःच नायक. त्यांना खरं चिलखत पाहिजे होतं. मामाजींनी कधी चिलखत केलं नव्हतं, पण लहानपणी नागपूरला एक पाहिलं होतं, आणि त्याची वीण त्यांच्या डोळ्यांत राहिली होती. एक कडी चार कड्यांतून जाते. दोन वरच्या, दोन खालच्या. तशी ओळीमागून ओळ. तारेच्या जाडीच्या साधारण चौपट पोकळी धरली तर वीण नीट पडते. पोकळी कमी झाली तर चिलखत लाकडासारखं उभं राहतं, जास्त झाली तर मासे धरायची जाळी होते. आधी आम्ही ॲल्युमिनियमची तार घेतली, हलकी म्हणून. मास्तरांचा पांढरा सदरा एका तालमीत काळा झाला. मग कुंपणाची तार आणली. पंधरा दिवस मामाजी आणि मी कड्या मिटत होतो, माझ्या दोन्ही अंगठ्यांना फोड आले. शेवटी चिलखत मास्तरांच्या पोटावर भिडेना. दोन्ही कुशींना दोन पट्ट्या एका दुपारीत विणून लावल्या. नाटकात त्या वजनानं मास्तरांना सिंहासनावर बसता येईना, आणि बसले तर उठता येणार नाही असं त्यांना वाटलं. सगळा दरबार त्यांनी उभ्यानंच केला. लोकांना वाटलं, केवढा हा राजाचा आवेश. मी बायांच्या रांगेत बसून फक्त कड्या पाहत होते. एकही उघडली नाही. त्या वेळी मला केवढा अभिमान वाटला होता.

आता ती कडी.

मामाजींची एक रीत होती. गळ्यातली असो की कमरेची, साखळीच्या प्रत्येक कडीच्या तोंडाला झाळ द्यायची, म्हणजे सवागी, तोच टाकणखार, लावून, चांदीचा कण ठेवून, फुंकणीनं विस्तव मारून ते तोंड कायमचं जोडायचं. पण साखळी अडकवायच्या आकड्याच्या शेजारची एक कडी तशीच ठेवायची. नुसती मिटलेली, बिनझाळीची. मी नवी असताना विचारलं होतं, काऊन? मामाजी म्हणाले, ‘‘आपल्या घरची रीत हाये.’’ एवढंच. सोनाराच्या घरात अशा पुष्कळ रीती असतात. शनिवारी मूस पेटवायची नाही, गिऱ्हाइकाच्या देखत कानस मारायची नाही. तशीच ही एक असेल, असं मी धरून चालले. मनातून मला ती आळसाची वाटायची. साखळी उकलली म्हणून एखादी बाई परत आली की मला लाज वाटायची. मामाजींना वाटत नव्हती. ते उलट खूश दिसायचे. बाईला बसवून घ्यायचे, चहा सांगायचे, कडी मिटून द्यायचे आणि तिचं बोलणं मुकाट ऐकून घ्यायचे.

कौसाबाई जिनात काम करायची. माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठी, उंच, अंगानं काटक, आवाज असा की जिनाच्या धडधडीतही ऐकू जायचा. विधवा होती. एकच मुलगी, विमल. ‘‘आपलं काही नाई बाई, आपल्याले पोरीले शिकवाचं हाये,’’ हे ती दर भेटीला सांगायची. तिच्या गळ्यात मामाजींनी केलेली चांदीची साधी साखळी होती. एका बाजाराच्या दिवशी ती दुकानाच्या पायरीशी येऊन उभी राहिली तेव्हा गळा मोकळा होता. कडी उकलली, साखळी गर्दीत पडली, मिळाली नाही. नेहमी मोठ्यानं बोलणारी बाई त्या दिवशी हळू बोलत होती.

‘‘बाई, तुमची कडी कच्ची निंघाली,’’ ती म्हणाली. ‘‘मी म्हनत होती, सेलूच्या सोनाराची साखळी हाये.’’

शेजारचा कापडवाला ऐकत होता. समोरच्या भांड्याच्या दुकानातली दोन गिऱ्हाइकं ऐकत होती. मामाजी तेव्हा डोळ्याच्या ऑपरेशनसाठी वर्ध्याला होते, दुकानात मी एकटी. माझ्या कानशिलापर्यंत रक्त चढलं. माझा स्वभाव तापट आहे, तो त्या वेळी आणखी तापट होता. मी तिला सांगितलं, की मी तुम्हाला अशी साखळी करून देते, की बैल जोडला तरी तुटायची नाही.

चांदी तिच्याकडे नव्हती असं नाही. तिच्या आईच्या पायातल्या तोरड्या होत्या, विमलसाठी ठेवलेल्या. त्या तिनं दुसऱ्या दिवशी फडक्यात बांधून आणल्या आणि माझ्या हातात देताना एकदा छातीशी धरल्या.

ती साखळी करताना मी जे जे निवडलं, ते सगळं मजबुतीसाठी निवडलं. चांदीत मी नेहमीपेक्षा जास्त तांबं घातलं, तार जाड ठेवली. वीण घेतली गोफाची. त्यात कडी दुमडून मागच्या दोन कड्यांतून काढतात, साखळी दोरासारखी गोल आणि भरीव होते, आणि ओढ सगळ्या कड्यांवर वाटली जाते. सहा दिवस लागले. शेवटी आकड्याशेजारची कडी राहिली. मी ती चिमट्यात धरली, क्षणभर थांबले. मामाजी असते तर थांबवलं असतं. मग सवागी लावली आणि झाळ दिली. कानशीनं घासून, रिठ्याच्या पाण्यात धुऊन ती इतकी साफ केली, की सांधा कुठे आहे ते मलाच सापडेना. माझ्या हातून इतकं चांगलं काम आधी झालं नव्हतं. कौसाबाईनं साखळी दोन्ही हातांनी ओढून पाहिली, मग हसली आणि भांडेवाल्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, ‘‘आता पाहा म्हना.’’

त्याच हंगामात, कापसाच्या गाड्या जिनाच्या फाटकाबाहेर रांगेनं उभ्या होत्या तेव्हाची गोष्ट. दुपारी जिनातली एक बाई धावत बाजारात आली. रेच्याच्या यंत्राखाली सांडलेली सरकी गोळा करायला कौसाबाई वाकली होती. साखळी लोंबली आणि पट्ट्याच्या सांध्यातल्या तारेत अडकली. जिनाचा पट्टा म्हणजे हातभर रुंद, चाकावर फिरणारा, त्याला माणूस आणि कापूस यांतला फरक कळत नाही. साखळीनं तिला चाकापर्यंत ओढत नेलं. फिटरनं लाकडी बल्लीनं पट्टा चाकावरून पाडला म्हणून ती वाचली. गळा कापला होता, आत काहीतरी चिरडलं होतं. कापसाच्या रिकाम्या ट्रकमधून तिला वर्ध्याला नेलं.

‘‘आन् साखळी?’’ मी विचारलं. कोणी दुसऱ्यानं हे विचारलं असतं तर मी त्याच्या तोंडात मारली असती.

‘‘साखळी जशीच्या तशी हाये,’’ ती म्हणाली.

मामाजी तेव्हा घरी आले होते, डोळ्यावर हिरवी पट्टी. ते आतल्या दाराशी बसून सगळं ऐकत होते. ती बाई गेल्यावर त्यांनी मला जवळ बोलावलं.

‘‘सूनबाई, बिनझाळीची कडी ठेवली होती नं?’’

मी त्यांच्या पायाशी खाली बसले. मामाजींनी पुन्हा विचारलं नाही. रागावून नव्हे, अगदी थकल्यासारखे ते बोलले. त्यांच्या आईचं सांगितलं. विहिरीवर रहाटाच्या दोरात तिचा कमरेचा साज अडकला होता. तो त्यांच्या वडिलांनीच केला होता, चांगला मजबूत. तो तुटला नाही, ती विहिरीत गेली. मामाजी तेव्हा चार वर्षांचे. त्या दिवसापासून घरात ही रीत आली, आणि त्यांच्या वडिलांनी कारण कधी कोणाला सांगितलं नाही, कारण सांगायचं म्हणजे ते पुन्हा पाहायचं.

‘‘मी बी तुले सांगतलं नाई,’’ मामाजी म्हणाले. ‘‘चूक माही हाये. साखळी उकलली का बाई आपल्याकडं भांडाले येते. भांडाले आली तं समजाचं, सलामत हाये.’’

त्यांनी चूक स्वतःकडे घेतली, तरी माझ्याकडची कमी झाली नाही. पट्ट्याला जाळी हवी होती, ती नव्हती, असंही पुष्कळ जण म्हणाले. ते जिनाचं. कडी माझी होती.

दोन महिन्यांनी कौसाबाई दुकानात आली. गळ्याला आडवा वण, आणि आवाज गेलेला. म्हणजे अगदी गेला नव्हता, कोरड्या पानांवरून कोणी चालावं तसा येत होता. जिनातल्या गोंगाटात तो कोणालाच ऐकू गेला नसता. ती पायरी चढून आली, कनवटीतून साखळी काढून माझ्यापुढे ठेवली. मी मनात म्हटलं, आता ही मला काय बोलायचं ते बोलेल, आणि मी सगळं ऐकून घेईन. तिनं बोट साखळीवरून फिरवलं.

‘‘पाह्य बाई,’’ ती म्हणाली. ‘‘एवढं झालं, पन एक कडी हालली नाई. तू म्हनलं तसंच केलं. माह्या मायच्या तोरड्या वाचल्या.’’

ती माझी तारीफ करत होती. मला वाटतं, तिला तेवढंच हातात उरलं होतं, की आईची चांदी शाबूत आहे. ते तिच्याकडून कसं काढून घ्यायचं? मी तोंड उघडलं आणि मिटलं. नंतर अनेकदा मी स्वतःला सांगितलं, की तिच्यासाठी गप्प राहिले. खरं असं आहे, की मी भ्याले. साखळी उजळून दिली, आणि ती कडी तेव्हाही तशीच झाळलेली ठेवली. मामाजी आतून पाहत होते.

ती जिनात परत गेली नाही. भाजी विकायची, पण ओरडता येत नसल्यामुळे बाजारात मागे राहायची. मी तिच्याकडूनच भाजी घ्यायची, घरात असली तरी. पाच-सहा वर्षांनी विमलचं लग्न ठरलं, रोहण्याच्या मुलाशी. त्याची पिठाची चक्की होती. कौसाबाई सांगायला आली, आणि चांदी घेऊन आली. त्यांच्यात पांढरी साडी नेसून लग्न लागतं, पांढऱ्या साडीवर चांदी चांगली दिसेल म्हणाली.

‘‘माह्यासारखीच कर,’’ ती म्हणाली. ‘‘तुटली नाई पाह्यजे.’’

चक्की म्हटल्यावर माझ्या डोळ्यांपुढे पट्टाच आला. मी हो म्हटलं आणि त्याच वेळी खोटं बोलायचं ठरवलं. चांदीत तांबं घातलंच नाही, मऊच ठेवली. गोफाची वीण सोडली आणि चिलखताची घेतली, एक कडी चार कड्यांतून. मामाजींचे हात तेव्हा कापायला लागले होते, तरी पहिल्या चार ओळी त्यांनी माझ्या शेजारी बसून विणल्या. पट्टी बोटभर रुंद, माशाच्या खवल्यासारखी लवचीक, दिसायला अशी भारदस्त की तलवार अडवेल. दोन्ही टोकांना ती निमुळती करत करत एका-एका कडीवर आणली. एकाही कडीला झाळ दिली नाही. आणि त्या शेवटच्या दोन कड्या अंगठ्यानंही उघडतील एवढ्याच मिटल्या. कौसाबाईनं ती हातात घेतली तेव्हा मी घाईनं म्हटलं, ओढून पाहू नका, पॉलिश जाईल. सोनारानं गिऱ्हाइकाला फसवल्याच्या गोष्टी तुम्ही पुष्कळ ऐकल्या असतील. मी फसवलं ते असं.

मामाजी त्यानंतर वर्षभरात गेले. कौसाबाई दोन वर्षांनी, तापानं. तिला मी ते कधी सांगितलं नाही. भेटत होतो, भाजी घेत होते, बोलत होतो. सांगायला रोज वेळ होता.

बाजारात आता मशीनची साखळी आली होती. पुडीतून निघायची, वजनाला हलकी, एकसारखी. माझं काम कमी झालं होतं, मी दुकानात बसून पैंजणांचे घुंगरू बदलत असे. असंच एका सकाळी विमल आली. रोहण्याहून, एसटी बदलून. तिची उंची आईचीच, आणि आवाजही आईचा. म्हणजे आईचा पहिला आवाज. पायरीवरूनच सुरू झाली.

‘‘काय साखळी देल्ली बाई तुमी? लोकाइत माही इज्जत गेली.’’

तिनं पिशवीतून कागदाची पुडी काढली आणि माझ्यापुढे उलटी केली. कड्या होत्या, सुट्या, पिठानं पांढऱ्या झालेल्या. अर्धी पट्टी चेपून गेलेली, अर्धी शाबूत. नवरा बाहेर गेला होता, चक्की ती चालवत होती. पिठाची पेटी सरकवायला वाकली, साखळी पट्ट्यात गेली, झटका बसला आणि साखळी उकलून उडाली. कड्या दुसऱ्याच्या जवारीच्या पिठात पडल्या. जिचं पीठ होतं त्या बाईनं गावभर केलं, की चक्कीवालीच्या पिठात लोखंड निघतं. पीठ तीनदा चाळून विमलनं एक-एक कडी वेचली होती.

‘‘तुले कुठं लागलं का?’’ मी विचारलं.

‘‘मले काय लागते? साखळी उकलली नं. मान जराशी हिसकली, बस. मी साखळीचं इचारून राह्यली, अन् तुमी माह्या मानेचं इचारता. माही माय म्हने, सोनारीनबाईची साखळी तुटत नाई. तिची आजूनबी तशीच हाये, अन् माही पाहा.’’

तिच्या मानेवर डाव्या बाजूला बोटभर लाल ओरखडा होता. तेवढाच. मी तो पाहत राहिले आणि मला रडू फुटलं. गिऱ्हाइकासमोर मी आधी कधी रडले नव्हते. विमल घाबरली, तिला वाटलं ती जास्त बोलली. ती माझ्याजवळ येऊन बसली, आणि मग मी तिला सगळं सांगितलं. तोरड्यांचं, जास्तीच्या तांब्याचं, गोफाचं, मी झाळलेल्या कडीचं. तिच्या आईनं माझी तारीफ केली तेव्हा मी गप्प बसले, तेही सांगितलं. काही सावरून सांगितलं नाही.

विमल कड्या हातात घेऊन त्यांच्यावरचं पीठ पुसत बसली. ती उठून गेली असती, किंवा तिनं मला शिव्या दिल्या असत्या, तर मी समजू शकले असते.

‘‘मायले सांगाले पाह्यजे होतं तुमी,’’ शेवटी ती म्हणाली. ‘‘ती काही म्हनली नसती. पन सांगाले पाह्यजे होतं.’’

‘‘हो,’’ मी म्हटलं.

मग तिनं पदर बाजूला केला. पोलक्याच्या आत, गळ्यालगत, तिच्या आईचा गोफ होता. मी केलेला, माझ्या हातचं सगळ्यात चांगलं काम. चिलखताची पट्टी उकलल्यापासून ती हाच घालत होती, आठ दिवस, चक्कीवर. तिनं तो काढून माझ्या हातात दिला.

‘‘याची बी एक कडी सोडून द्या,’’ ती म्हणाली.

आकड्याशेजारची कडी मी बोटांनी शोधली. सांधा दिसत नव्हता, पण तो कुठे आहे हे मला माहीत होतं. बारीक करवतीनं मी ती कापली, कापलेलं तोंड घासलं, दोन चिमट्यांत धरून मुरडली आणि परत मिटली. झाळ दिली नाही. विमलनं गोफ घेतला, दोन्ही हातांत धरला आणि जोरानं ओढला. कडी उघडली. तिनं गोफ पुन्हा माझ्यापुढे केला, मी कडी पुन्हा मिटून दिली, आणि तिनं तो गळ्यात घातला.